फ्लॉसीची लोकर

मेनिंडी, ऑस्ट्रेलिया, १९ नोव्हेंबर

नेरिस,

तुझं पत्र पोचलं. पोस्टातल्या बाईनं तुरुंगाच्या शिक्क्याचं पाकीट दोन बोटांच्या चिमटीत धरून माझ्यापुढे केलं. तुमच्याकडे येणारी-जाणारी सगळी पत्रं उघडून वाचतात म्हणे. तेव्हा जे कोणी साहेब किंवा बाई हे वाचत असतील त्यांनाही माझा नमस्कार. घाबरू नका, पत्र एका कुत्रीबद्दल आहे.

दोन वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही आणि आताही लिहिणार नव्हतो. पण फ्लॉसीला उन्हाळ्यात कसं जपायचं याची तू अकरा कलमं काढून पाठवलीस आणि खाली धमकी, की उत्तर आलं नाही तर ॲडीला विचारीन. ॲडीला विचारू नकोस. शेजार म्हणून चाळीस किलोमीटरवरून येऊन ती आधीच मला पुरेशी अक्कल शिकवते.

तर फ्लॉसी बरी आहे. खाते, रात्रभर भुंकते, कोल्ह्यांना फिरकू देत नाही. या हंगामात एकही कोकरू गेलं नाही. ऊन मात्र वेळेआधीच आलंय, काल बेचाळीस होतं. एवढ्या केसाळ इटालियन कुत्रीला या मुलुखात आणायची बुद्धी तुला कुठून झाली, हे मी तेव्हाही विचारलं होतं. मेंढ्या कातरणाऱ्या कातरणीवाल्यांचा स्वयंपाक करून मिळवलेले पैसे घालवायला तुला दुसरं काही सापडलं नाही.

तुझी कलमं वाचली. 'ती तुझ्याकडे येणार नाही बाबा, मेंढ्या सोडून ती कुठेच जात नाही. म्हणून आधी मेंढ्यांना सावलीत ने.' हे ठीक. 'पाणी पोटाला आणि पंजांना लाव, पाठीवर ओतू नकोस.' हेही ठीक. 'आतली लव ब्रशनं काढ, पण वरचे केस राहू देत. कापू नकोस. काहीही झालं तरी कापू नकोस.' आता हे मात्र अती झालं. तुला तिथे ग्रेहाऊंड कुत्री सांभाळायचं काम दिलंय म्हणून तू मला लोकर शिकवणार? चाळीस वर्षं मी मेंढ्याच कातरल्या. माझ्या हाताखालून गेलेल्या मेंढ्या ओळीनं उभ्या केल्या तर तुझ्या तुरुंगाच्या फाटकापर्यंत पोचतील.

तू लिहिलंस की चौदा मार्चला मी सुटेन, तोवर तिला जिवंत ठेव, बाकी तुझ्याकडे काही मागत नाही. ठेवतो. मी माणसांशी कसाही वागलो असेन, पण जनावराची हेळसांड माझ्या हातून झालेली नाही.

भेटीचा फॉर्म पुन्हा पाठवू नकोस. आधीचे तीन ड्रॉवरमध्ये पडून आहेत. ज्या गाडीत माझा पोरगा, तुझा सख्खा भाऊ ग्लिन, गेला तिच्या स्टिअरिंगवर कोण होतं हे मला विसरता येत नाही, आणि काचेपलीकडे तुला बघून तर नाहीच येणार.

अर्न ट्रेगिर


मेनिंडी, ३ डिसेंबर

नेरिस,

तुझी काळजी मिटली. परवा फ्लॉसीची लोकर उतरवली.

लगेच तोंड वाजवू नकोस, आधी पूर्ण वाच. पारा पंचेचाळिसावर गेला होता. ती कुंपणाच्या खांबापाशी जीभ बाहेर काढून धापा टाकत पडली होती आणि अंगावर चार बोटं जाड घोंगडी. माझ्या अंगावर एक बनियन होतं आणि तेही मला सहन होत नव्हतं. जनावराला बोलता येत नाही म्हणून आपण बघत बसायचं का?

तिला शेडमध्ये नेलं. दोन वर्षांत शेडचं दार उघडलं नव्हतं, तेलाचा आणि लोकरीचा वास तसाच होता. कातरायचं मशीन पहिल्या झटक्यात सुरू झालं. मेंढीला बसवतात तसं तिला ढुंगणावर बसवलं, पाठ माझ्या गुडघ्यांना टेकवली. आधी पोट, मग मागचा पाय, मग मानेखालून वर. हात काही विसरला नव्हता. कमरेचं दुखणंसुद्धा तेवढा वेळ गप्प बसलं. एक ओरखडा नाही, आणि लोकर अख्खी एका तुकड्यात उतरली. मी ती टेबलावर पसरली तर दिव्यासारखी पांढरीशुभ्र. बघायला तू हवी होतीस, म्हणजे असं नाही, पण कोणीतरी हवं होतं.

कातरलेली मेंढी शेडमधून सोडली की उतारावरून खाली जाताना उडी मारते, तुला माहीत आहे. अंग हलकं झाल्याचा तो आनंद मी हजारदा बघितलाय. फ्लॉसीनं उडी मारली नाही. ती खाली जाऊन उभी राहिली आणि वळून माझ्याकडे बघत बसली. तिला सवय नाही, दुसरं काय.

आता तिच्या अंगाला वारा लागतो. बाकीची दहा कलमं पाळतोय, तेव्हा ओरडू नकोस.

अर्न


मेनिंडी, १९ डिसेंबर

नेरिस,

तुझं पत्र आलं. तू वापरलेले शब्द वाचून तुमच्या साहेबांनी पाकीट पुढे कसं जाऊ दिलं याचंच नवल वाटतं.

मान्य. तिचं अंग भाजलं. पाठीवरची कातडी गुलाबी झाली, मग लाल, आणि दोन ठिकाणी फोड आले. तू म्हणतेस की ते केसच तिचं छप्पर होते, उन्हाला बाहेर ठेवत होते. मला हे कसं कळणार होतं? कळणार होतं, असं ॲडी म्हणाली. ती रविवारी आली होती. फ्लॉसीला बघून ती गाडीतून उतरायच्या आतच सुरू झाली.

"अर्न, हे काय केलंस रे? सोललेलं कोंबडं दिसतंय ते!"

"उकडत होतं तिला."

"उकडत होतं! अरे, मेंढीच्या अंगावर बोटभर लोकर असली की ती भर दुपारी उन्हात उभी राहून चरते. आणि कातरून काढली की पळत सावली शोधते. जन्म गेला तुझा शेडमध्ये. हे मी सांगायचं तुला?"

ती म्हणाली ते चाळीस वर्षं रोज माझ्या डोळ्यांपुढे घडत होतं. पण शेडमधून आम्ही मेंढीला उडी मारताना बघतो आणि पुढची आणायला वळतो. त्यानंतर ती कुठे जाऊन उभी राहते हे बघायला वेळ कुणाला असतो? कातरणीवाला मागे वळून बघत नाही, त्याला मेंढीमागे मजुरी मिळते, नग मोजले जात असतात.

ॲडीनं तिच्या पाठीला ते क्रिकेटवाले नाकाला लावतात तसलं पांढरं मलम चोपडलं. मग म्हणाली, "एखादं जुनं सुती बनियन आण." मी ग्लिनचं निळं आणलं. तिनं ते हातात घेऊन माझ्याकडे बघितलं. फ्लॉसीचे पुढचे पाय त्याच्या बाह्यांमधून घातले आणि पोटाशी गाठ मारली. आता ती ते घालून हिंडते. तू हसशील. मलाही पहिल्या दिवशी हसू आलं होतं.

एक गोष्ट तुझ्या कलमांमध्ये नव्हती. मेंढ्या तिला ओळखत नाहीत. ती जवळ गेली की कान टवकारतात आणि सगळ्या मिळून पळतात. पिल्लू असल्यापासून फ्लॉसी जिच्या पोटाला टेकून झोपली ती म्हातारी मेंढीसुद्धा पाय आपटते. फ्लॉसी मग लांब बसून राहते. मी सकाळी सगळ्यांना नदीकाठी निलगिरीच्या मोठ्या झाडांखाली नेतो. मेंढ्या एका झाडाखाली आणि ती दुसऱ्या.

तू विचारलंस, तुला नको म्हटलं असताना का कापलीस, खरं सांग. खरं सांगतो. त्या दिवशी एक डिसेंबर होता, त्याचा वाढदिवस. ग्लिन एकतीस वर्षांचा झाला असता. सकाळपासून हातांना काय करावं कळत नव्हतं, आणि त्याचं मशीन खुंटीवर लटकत होतं. त्याच मशीननं कापली.

केस येतील परत. मार्चपर्यंत बोटभर तरी येतील.

अर्न


मेनिंडी, ९ जानेवारी

नेरिस,

नाताळचं कार्ड मिळालं. आभार.

इकडे उन्हाळा तसाच आहे. टाकीत पाणी आहे. ॲडीच्या पंपाची मोटर जळाली होती, ती मी दुरुस्त करून दिली. फ्लॉसी बरी आहे. केस येताहेत. ती आता मेंढ्यांमध्ये बसते, त्यांना सवय झाली. तू फोटो मागितलास म्हणून पाठवतो. चांगला आलाय. केस जरा जास्त वाढलेले दिसतात ते उजेडामुळे.

फार लिहायला नाही. कंबर दुखते.

बाबा


मेनिंडी, ६ फेब्रुवारी

नेरिस,

तुझी एकच ओळ आली. 'फोटोत मागे ग्लिनची गाडी उभी आहे. फ्लॉसी कुठे आहे?'

ड्रॉवरमधला जुना फोटो मी तीनदा न्याहाळला होता. कुत्री तेवढी बघितली. मागे त्याची पांढरी गाडी आहे हे मला दिसलंच नाही, जी आता ब्रोकन हिल शहरातल्या भंगारात चेपून पडलीय.

फ्लॉसी गेली. चार जानेवारीला. मागचं पत्र लिहिलं तेव्हा तिला पुरून पाच दिवस झाले होते.

तुला सगळं ऐकायचा हक्क आहे, म्हणून सगळं लिहितो.

त्या दिवशी सेहेचाळीस होतं आणि उत्तरेचा वारा होता. सकाळी मी सगळ्यांना झाडांखाली नेलं, हौद भरला, फ्लॉसीच्या पोटाला पाणी लावलं. तू सांगितलंस तसंच. मग घरी येऊन जेवलो आणि पंख्याखाली आडवा झालो. तीन वाजता गेलो तर झाडांखाली कोणी नाही. हौदापाशी चिखलात तिचे पंजे होते. ती पाणी प्यायला मेंढ्यांच्या जवळ आली असणार, त्या बिचकल्या असणार, आणि सगळ्या मिळून जुन्या कुंपणावर पडल्या. तारा तुटल्या होत्या. पलीकडे तुला माहीत आहे, दोन किलोमीटर उघडं रान, एक झुडूप नाही. मेंढ्या तिकडे गेल्या आणि ती त्यांच्यामागे गेली. मेंढ्या सोडून ती कुठेच जात नाही.

त्या सगळ्या उंचावरच्या टाकीच्या सावलीत दाटीवाटीनं उभ्या होत्या, एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून. फ्लॉसी त्यांच्यापासून वीस पावलांवर उन्हात पडली होती. धुळीत तिच्या पावलांचे ठसे होते. टाकीभोवती ती कितीदा तरी फिरली होती. इकडून गेली की मेंढ्या तिकडे सरकत, तिकडून गेली की इकडे. तिनं एकदाही भुंकून त्यांना हुसकावलं नसणार. भुंकली असती तर त्या उन्हात पळाल्या असत्या, आणि त्यांना उन्हात पळवणं तिचं काम नव्हतं. शेवटी ती जिथून त्या सगळ्या दिसतील अशा जागी बसली. निळं बनियन अंगावर होतं.

मी ओलं पोतं तिच्या पाठीवर टाकलं, मग तुझं आठवलं आणि काढून फेकलं, पोटाला पाणी लावलं, पंजांना लावलं. ॲडीला फोन केला आणि फ्लॉसीला गाडीत घालून निघालो. ॲडी वाटेत येऊन भेटली आणि मागे तिच्यापाशी बसली. ब्रोकन हिलच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोनवर म्हणालो, "अजून दीड तास लागेल." ते म्हणाले, "या. आणि सगळ्या खिडक्या उघड्या ठेवा." डांबरी रस्ता लागला तेव्हा ॲडीनं मागच्या काचेवर एकदा थाप मारली. मी गाडी बाजूला घेतली.

"गेली का?"

"गेली. अर्न, तू बस जरा. तुझा रंग बघ कसा झालाय."

"मी काय केलं हे, ॲडी?"

"काय केलंस ते तुला माहीत आहे," ती म्हणाली. "आता पोरीला सांग." मी मान हलवली आणि घरी येऊन तुला खोटा फोटो पाठवला.

महिनाभर मला ती मेंढ्यांची दाटी दिसते. डोळे मिटले की दिसते. ग्लिनला पुरलं तेव्हा तू जामिनावर होतीस. डोक्याला टाके, हात गळ्यात बांधलेला. आम्ही सगळे खड्ड्याच्या या बाजूला होतो, मी, त्याचे शेडमधले सोबती, गावातली माणसं. तू पुढे आलीस आणि मी पाठ फिरवली. मी पाठ फिरवल्यावर सगळे सरकले. तू दुसऱ्या बाजूनं आलीस, तेव्हाही सरकलो. मग तू फाटकापाशी जाऊन उभी राहिलीस, सगळं संपेपर्यंत. मी तेव्हा मनात म्हणालो, बरं झालं.

आणि आता जे लिहितो ते तुला माहीत आहे. मला माहीत आहे. तिसऱ्या कोणाला माहीत नव्हतं.

ग्लिन गेला त्या रविवारी संध्याकाळी सहा वाजता तू पबमधून फोन केलास. "बाबा, ग्लिनला उभं राहता येत नाहीये. मीही तीन-चार घेतल्यात. आम्ही इथेच खोली घेतो, पहाटे निघतो." मी म्हणालो, "उद्या सकाळी साडेसातला कातरणी सुरू होतेय. वीस माणसं माझ्या नावावर थांबलीत. दोघांपैकी ज्याला किल्ली फिरवता येते त्यानं गाडी काढावी." तू म्हणालीस, "बाबा, ऐक ना." मी म्हणालो, "मला कारणं नकोत," आणि फोन आपटला.

कोर्टात तुला विचारलं, गाडी चालवायला तुला कोणी सांगितलं होतं का? मी तिसऱ्या बाकावर बसलो होतो. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीस. म्हणालीस, "नाही. माझं मीच ठरवलं." मला तेव्हा तुझे पाय धरायला हवे होते. मी काय केलं? बाहेर येऊन लोकांना सांगितलं की पोरीनं माझा पोरगा मारला. दोन वर्षं तेच सांगत आलो. इतक्यांदा सांगितलं की फोनचं मला स्वतःलाच आठवेनासं झालं. आठवायचं नव्हतं म्हणून आठवेना.

तू मला सांगितलंस, नको. मी ऐकलं नाही. ग्लिन गेला. तू पुन्हा सांगितलंस, कापू नकोस. मी ऐकलं नाही. दोन्ही वेळा मला वाटत होतं की मला जास्त कळतं, आणि दोन्ही वेळा भोगलं दुसऱ्यानं.

काल मेनिंडीच्या पोलीस ठाण्यात गेलो. तिथला पोरगा नवीन आहे. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं.

"काका, आता याचा काय उपयोग? तिची शिक्षा पाच आठवड्यांत संपतेय. गाडी तर तीच चालवत होती."

"उपयोगासाठी आलो नाही. तू लिही."

"लिहिलं तर ते कागदावर राहील. गावात बोभाटा होईल सगळीकडे."

"गावात मी खोटं बरंच पसरवलंय. हेही होऊ दे."

त्यानं लिहिलं, मी सही केली. एक प्रत यात घातली आहे, एक तुझ्या वकिलांना पाठवली. ॲडीला मी मागच्या आठवड्यातच तोंडानं सांगितलं होतं. ती म्हणाली, "आणि ती पोर आत बसली," आणि गाडीत बसून निघून गेली. त्यानंतर ती आलेली नाही.

फ्लॉसीला नदीकाठी मोठ्या झाडाखाली पुरलं आहे. तिची लोकर शेडमध्ये टेबलावर तशीच होती, ती तिच्यावर घातली आणि मग माती लोटली. तू म्हणशील, आता घालून काय फायदा. मलाही तेच वाटलं, तरी घातली.

ड्रॉवरमधले तिन्ही फॉर्म भरून पाठवले होते. कालच तुमच्या कचेरीतून उत्तर आलं, की कैद्यानं या माणसाचं नाव भेटीच्या यादीतून काढलं आहे. तारीख बघितली, तू फोटो मिळाल्यावर दुसऱ्याच दिवशी काढलंस. बरोबर केलंस.

तरीही चौदा मार्चला सकाळपासून मी तुरुंगाच्या फाटकाबाहेर असेन. रस्त्यावर उभं राहायला तुझी परवानगी लागत नाही. तुला घरी न्यायला येत नाही, घरी तुझं आता काही उरलं नाही हे मला कळतं. बसचा थांबा फाटकापासून शंभर पावलांवर आहे, मी चौकशी केली. तुला सरळ तिकडे जायचं असेल तर जा, मी हाक मारणार नाही आणि मागे येणार नाही. पण थांबलीस, आणि तुला मला काही म्हणायचं असेल, कितीही वेळ, कसल्याही शब्दांत, तर म्हण. मी मध्ये बोलणार नाही. शेवटपर्यंत ऐकून घेईन.

बाबा